हीटरचा रिले: बिघाड कुठे आहे आणि रिले का गेला, हे पायरी पायरीने कसं शोधायचं

भोगीच्या रात्री दोन वाजता अंबड तालुक्यातल्या एका रेशीम उत्पादकाचा फोन आला. "भाऊ, शेडमधी नुसती भट्टी झालीय. कंट्रोलरचा लाल दिवा बंद हाय, पण हीटर काही बंद होईना. पोरानं बटन दाबलं, तरी बी चालूच."

चॉकी केंद्रातून (जिथे अळ्या सुरुवातीला वाढवून देतात) आणलेली दोनशे अंडीपुंजांची बॅच होती, अळ्या नुकत्याच तिसऱ्या अवस्थेत गेलेल्या. या अवस्थेला २६ अंश हवेत आणि थर्मामीटर ३६ दाखवत होता. मी सांगितलं, "दादा, डब्यातलं काही हात लावून बघू नका. आधी एमसीबी खाली पाडा, मग दारं-खिडक्या उघडा, आणि मला सकाळी येऊ द्या."

सकाळी डबा उघडला. काळा चौकोनी रिले, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा स्विच, आपण ज्याला शुगर क्यूब म्हणतो तो. वीज पूर्ण बंद असताना मीटर लावलं तर कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन, एरवी सुटं असायला हवं ते टोक) जोडलेलेच. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर हलकीशी टिचकी मारली, आतून 'टक' आवाज आला आणि मीटरची बीप थांबली. काँटॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले होते. हा रिले त्यांनी दिवाळीत नवा बसवून घेतला होता.

मला खरी गोष्ट इथेच सांगायची आहे. रिले बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. पण दिवाळीचा रिले संक्रांतीला जातो याचं कारण रिलेच्या बाहेर कुठेतरी असतं. ते शोधलं नाही तर होळीला पुन्हा तोच फोन येणार. खालची पद्धत रेशीम शेडच्या हीटरवर बेतलेली आहे, पण अंडी उबवण्याचं मशिन, गिझर, पॅकिंगचं सीलिंग मशिन, कुठेही ती तशीच लागू पडते.

आधी सर्किट डोक्यात बसवा

सेन्सर तापमान मोजतो. कंट्रोलर ते सेटिंगशी ताडून बघतो आणि रिलेच्या कॉइलला १२ व्होल्ट देतो. कॉइलचं चुंबक पत्री ओढतं, कॉमन आणि एनओ जुळतात, फेज हीटरला पोचते. कॉइलचा पुरवठा गेला की स्प्रिंग पत्री मागे खेचते आणि हीटर बंद. म्हणजे रिलेला दोन वेगळ्या बाजू आहेत: कॉइलची १२ व्होल्टची आणि काँटॅक्टची २३० व्होल्टची. बिघाड कोणत्या बाजूला आहे एवढं कळलं की निम्मं काम झालं.

हात घालण्याआधी

एमसीबी पाडा आणि प्लगही काढून ठेवा. नुसत्या बटनावर विसंबू नका. प्लग उलटा बसला असेल किंवा वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल अदलाबदल असेल तर बटन न्यूट्रल तोडतं आणि हीटरवर फेज तशीच राहते. रेशीम शेडची जमीन ओलाव्यासाठी पाणी मारून ओली ठेवलेली असते, त्यामुळे हा धोका दुप्पट. कोरडी रबरी चप्पल घाला, पायाखाली लाकडी फळी घ्या. चालू विजेवर जे मोजायचं आहे ते वायरमनकडूनच करून घ्या. डबा उघडायच्या आधी मोबाइलवर वायरींचा फोटो काढा. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण उलट्या बसवलेल्या वायरीमुळे झालेला बिघाड शोधायला मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ लागतो.

पहिली तपासणी कानाने आणि डोळ्याने

सेटिंग खोलीच्या तापमानाच्या वर न्या, मग खाली आणा. दिवा बघा, आवाज ऐका.

दिवा लागतो, 'टक' वाजतं, पण हीटर गार: कॉइलची बाजू ठीक आहे. दोष काँटॅक्टमध्ये, वायरीत, कटआउटमध्ये (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) किंवा खुद्द हीटरमध्ये.

दिवा लागतो पण आवाजच नाही: कॉइल तुटली, कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर गेला, किंवा १२ व्होल्टचा पुरवठा ढेपाळला. पुष्कळ कंट्रोलरवर दिवा ट्रान्झिस्टरच्या आधीच्या सिग्नलवर लागतो, त्यामुळे दिवा लागला म्हणजे कॉइलला वीज पोचली असं धरू नका.

दिवा बंद, तरी हीटर चालू: आमच्या अंबडच्या दादांचा हाच प्रकार. यात दोन शक्यता असतात आणि त्या एका आवाजावरून वेगळ्या करता येतात. दिवा बंद असतानाच कंट्रोलरचा पुरवठा काढा. काढताक्षणी 'टक' वाजलं तर कॉइल अजून ओढून धरलेली होती, म्हणजे ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. काहीच वाजलं नाही तर काँटॅक्ट चिकटले आहेत.

आणि चौथा प्रकार, सतत 'कटकटकट'. याबद्दल पुढे सविस्तर.

हीटरचा ओहम मोजा, रिलेला दोष देण्याआधी

वीज बंद, हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून मीटर ओहमवर. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागलं की रेझिस्टन्स येतो. २३० व्होल्टला १००० वॅटचा हीटर सुमारे ५३ ओहम दाखवतो, २००० वॅटचा सुमारे २६.५ आणि ३००० वॅटचा १७.६. निक्रोमचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून गार हीटरवर घेतलेलं मापही विश्वासाचं. ओएल (मापाबाहेर) आलं तर हीटर तुटला आहे आणि रिले निर्दोष.

मग एक टोक हीटरच्या धातूच्या अंगाला लावा. मीटरने काही दाखवू नये. पण इथे एक अडचण आहे: मीटर या तपासणीला फार कमी दाब देतं. नळीच्या हीटरमध्ये निक्रोम तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते, आणि पावसाळाभर बंद पडलेल्या हीटरमध्ये ती ओल धरते. मीटरवर ठीक दिसणारा हीटर दिवाळीनंतर पहिल्यांदा लावला की आरसीसीबी (वीज गळली की पडणारा सुरक्षा स्विच) पडतो, याचं कारण तेच. वायरमनकडे मेगर (जास्त दाबाने इन्सुलेशन तपासणारं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर तपासा. एक मेगाओहमच्या खाली आलं तर हीटर सोडवून कोरड्या उन्हात दिवसभर ठेवा, पुन्हा मोजा, तरी सुधारलं नाही तर बदला. आरसीसीबी बायपास करून हीटर चालवायचा मोह अनेकांना होतो. तो करू नका, शेडमध्ये ओल्या जमिनीवर घरातली बायामाणसं पाला टाकायला उभी असतात.

कॉइल

१२ व्होल्टच्या शुगर क्यूबची कॉइल साधारण ४०० ओहम असते, २४ व्होल्टची १६०० च्या आसपास, ५ व्होल्टची ७०. रिले बोर्डवरच असताना माप विचित्र आलं तर मीटरची टोकं उलटी करून पाहा, कारण कॉइलला समांतर डायोड असतो आणि तो एका दिशेने माप बिघडवतो. हा डायोड बदलायची वेळ आली तर चंदेरी पट्ट्याची बाजू प्लसकडेच गेली पाहिजे. उलटा लावला तर ट्रान्झिस्टर पहिल्याच वेळी जातो.

कॉइल ठीक पण ओढत नाही? कंट्रोलर रिले चालू म्हणतो त्या वेळी कॉइलच्या दोन पायांवर व्होल्टेज मोजा. १२ च्या जागी ७-८ येत असेल तर पुरवठ्यातला कपॅसिटर सुकला असेल किंवा ॲडॉप्टर दमला असेल. डीसी रिलेला ओढायला साधारण तीन चतुर्थांश व्होल्टेज लागतंच, म्हणजे १२ च्या रिलेला ९ च्या आसपास.

बोर्ड उलटा करून रिलेच्या पायांचे टाकेही भिंगातून बघा. मोठा करंट वाहणाऱ्या पायाभोवती बारीक गोल भेग दिसली, तर तो ड्राय सोल्डर. हीटरच्या बोर्डवर हा दोष खूप सापडतो, कारण पाय रोज तापतो आणि गार होतो. टाका नुसता वितळवून भागत नाही. जुनं सोल्डर ओढून घ्या, पाय खरवडून स्वच्छ करा, मग नवं लावा.

काँटॅक्ट: इथे मीटरची बीप फसवते

बहुतेक जण वीज बंद करून, कॉइलला १२ व्होल्ट देऊन, काँटॅक्टवर बझर लावतात. बीप वाजली की "रिले ओके" म्हणून मोकळे. पण मीटर तपासताना मिलिअँपिअरमध्ये करंट सोडतं आणि २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर ओढतो. काजळी धरलेला काँटॅक्ट मीटरपुढे चांगला वागतो आणि हीटरपुढे भाजून निघतो. शिवाय मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो, त्यात काँटॅक्टचा दोष झाकला जातो.

खरी तपासणी लोडवर होते. हीटर चालू असताना, मीटर एसी व्होल्टवर ठेवून, एक टोक कॉमनला आणि एक एनओला. काँटॅक्ट चांगला असेल तर मीटरवर व्होल्टचा जेमतेम दहावा भाग दिसतो, कधी त्याहून कमी. समजा तिथे ३ व्होल्ट दिसले. ३ गुणिले ८.७ म्हणजे २६ वॅट उष्णता, आणि तीही साखरेच्या खड्याएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते हे आठवा. डबी पिवळी का पडते, टाके का सुटतात, बोर्ड काळा का होतो, सगळ्याचं उत्तर या एका मापात आहे.

याच जागी २३० दिसले आणि रिले ओढलेला असेल, तर काँटॅक्ट जुळतच नाही. रिले सोडलेला असताना शून्य दिसलं, तर बहुधा चिकटला आहे. 'बहुधा' म्हणतो, कारण हीटर तुटलेला असेल किंवा फेजच येत नसेल तरीही शून्याच्या आसपास दिसतं. म्हणून हीटरचं माप आधी घ्यायला सांगितलं. डिजिटल मीटर सुट्या वायरीवर ५०-८० असे भुताचे व्होल्टही दाखवतं. शंका आली की साधा पिवळा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प वापरा, तो खोटं बोलत नाही.

जळालेले काँटॅक्ट कानशीने घासून परत वापरायचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. माझं ठाम मत आहे, हीटरच्या रिलेला हे करू नका. काँटॅक्टवर चांदीच्या मिश्रधातूचं पातळ टोपण असतं. घासलं की तेच निघून जातं, आणि पुढचा चिकटणारा काँटॅक्ट तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करता.

मग रिले गेला का?

अंबडच्या शेडमध्ये नवा रिले लावण्याआधी मी अर्धा तास नुसता बसून मोजत होतो. सेन्सरची काळी वायर हीटरच्या पंख्यासमोर, जेमतेम दोन फुटांवर टांगलेली. कंट्रोलरमधला फरक, म्हणजे हीटर बंद होणं आणि पुन्हा लागणं यांतलं तापमानाचं अंतर, ०.१ अंशावर. हीटर लागला की गरम झोत थेट सेन्सरवर, लगेच बंद. पंखा चालूच, झोत गार झाला की लगेच चालू. तीस सेकंदांत एक फेरा.

आता हिशेब करा. तासाला १२० वेळा, रात्रीच्या १२ तासांत १४४० वेळा. अशा रिलेचं पूर्ण लोडवरचं आयुष्य साधारण एक लाख फेऱ्यांचं धरतात. एक लाखाला १४४० ने भागलं की ६९ रात्री येतात, म्हणजे दिवाळी ते संक्रांत. दादांना कागदावर हे करून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी रिलेनं आपली ड्युटी पुरी केली."

सेन्सर तिथून काढून रॅकच्या मधल्या थराला, अळ्यांच्या उंचीवर, झोतापासून दूर आणि भिंतीला न टेकवता बांधला. फरक एक अंश केला. डब्ल्यू-१२०९ सारख्या छोट्या मॉड्यूलमध्ये हा फरक पी-१ मध्ये असतो आणि सुरुवातीचा उशीर पी-५ मध्ये. एसटीसी-१००० प्रकारच्या कंट्रोलरमध्ये फरक एफ-२ मध्ये. आता फेरा सहा-सात मिनिटांचा झाला. तसाच रिले आता ६९ रात्रींच्या जागी कित्येक हंगाम काढेल. अळ्यांना अर्धा अंश इकडे-तिकडे बाधत नाही. त्यांना कोरडी हवा बाधते, म्हणून हीटर लावला की ओली गोणपाटं टांगायची विसरू नका.

दुसरं कारण अँपिअर. रिलेवर १० लिहिलं आहे आणि हीटर ८.७ ओढतो, म्हणजे कागदावर बसतं. पण बंद डब्यात, आधीच तापलेल्या हवेत, रात्रभर, ही ओढाताण आहे. छापलेल्या आकड्याच्या निम्म्याने किंवा फार तर दोन तृतीयांशाने चालवलं तर रिले टिकतो.

तिसरं कारण रेशीम शेडचंच आहे. प्रत्येक बॅचआधी शेड निर्जंतुक करायला २ टक्के ब्लीचिंग पावडर चुन्याच्या निवळीत मिसळून फवारतात. ते केलंच पाहिजे. पण त्यातला क्लोरीन तांब्यावर हिरवा गंज चढवतो, स्क्रूखालची पकड सैल होते, तिथे उष्णता होते, आणि ती उष्णता वायरीतून रिलेच्या पायापर्यंत चालत जाते. कंट्रोलरचा डबा शेडच्या बाहेरच्या भिंतीवर लावा, आत फक्त सेन्सर आणि हीटर जाऊ द्या. वायरीच्या टोकाला लग (धातूचं टोपण) पंच करून मगच स्क्रूखाली घ्या. नुसते पिळलेले तारेचे धागे कधी ना कधी सैल पडतातच.

कटकट वाजणारा रिले

रब्बीत आसपासच्या मोटारी सुरू झाल्या की गावाकडे व्होल्टेज १८० वर येणं नवीन नाही. त्या व्होल्टेजला २००० वॅटचा हीटर सुमारे १२२५ वॅटच देतो. त्यामुळे "हीटर गरम होत नाही" ही तक्रार आली की मी आधी प्लगमध्ये व्होल्टेज मोजतो, तेही हीटर चालू असताना.

रिले कटकट वाजत असेल तर हीटर लागताच व्होल्टेज किती पडतं ते बघा. घरापासून शेडपर्यंत ६० मीटर एक चौरस मिलिमीटरची वायर ओढली असेल तर ती एकटीच १९ व्होल्ट खाते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत हाच आकडा साडेसात-आठवर येतो. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला कंट्रोलर असेल तर हीटर लागला की व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, हीटर बंद झाला की व्होल्टेज वाढतं, रिले ओढतो, असं चक्र सुरू होतं. प्रत्येक 'कट'ला ठिणगी पडते. एका रात्रीत वर्षाचं आयुष्य जातं. रिले बदलून हे थांबत नाही. जाड वायर टाका आणि कंट्रोलरला १०० ते २४० व्होल्ट घेणारा एसएमपीएस (व्होल्टेज पडलं तरी स्थिर डीसी देणारा पुरवठा) द्या.

व्होल्टेज ठीक असूनही कटकट असेल तर सेन्सरच्या वायरीचा जोड तपासा. दहा किलोओहमचा एनटीसी (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) २५ अंशांना १० किलोओहम दाखवतो आणि गरम झाला की कमी होतो. मीटर लावून वायर हलवा. आकडा उड्या मारत असेल तर जोड सुटलाय. उंदरांनी कुरतडलेली वायरही मी यातच धरतो, तुतीच्या पाल्याच्या शेजारी तो प्रकार नेहमीचा आहे.

नवं बसवताना

१००० वॅटच्या वर असेल तर छोट्या रिलेवर हीटर थेट टाकू नका. छोट्या रिलेने काँटॅक्टरची (मोठ्या लोडसाठीचा दणकट रिलेच) कॉइल चालवा आणि काँटॅक्टरने हीटर. काँटॅक्टरवर दोन आकडे असतात. एसी-३ मोटारीसाठी आणि एसी-१ हीटरसारख्या लोडसाठी. आपण एसी-१ चा बघायचा, २००० वॅटला २० अँपिअरचा निवांत पुरतो. काँटॅक्टरची कॉइल सुटताना ठिणगी मारते, म्हणून कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा आरसी स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. तो रिलेच्या काँटॅक्टवर लावायची चूक करू नका. रिले सुटल्यावरही त्यातून सात मिलिअँपिअर जातात आणि लहान काँटॅक्टर तेवढ्यावर ओढलेला राहू शकतो. मग पुन्हा तेच, दिवा बंद आणि हीटर चालू.

सॉलिड स्टेट रिलेबद्दल विचारणा होते. आवाज नाही, ठिणगी नाही, फेऱ्यांची चिंता नाही, हे खरं. पण तो अँपिअरमागे एक-सव्वा वॅट उष्णता टाकतो, त्यामुळे हीटसिंक लागतेच. आणि तो गेला तर बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच जातो.

कोणताही रिले घ्या, बिघडताना तो 'चालू' राहू शकतो. म्हणून कंट्रोलरशी काहीही संबंध नसलेला एक वेगळा कटआउट हवाच. ३२ अंशांवर लावता येईल असा कॅपिलरी थर्मोस्टॅट (बारीक नळीच्या टोकाला तापमान ओळखणारा बल्ब असलेला) रॅकजवळ हवेत टांगा आणि त्याने दुसरा काँटॅक्टर सोडवा, पहिल्याचीच कॉइल तोडली तर चिकटलेल्या काँटॅक्टरपुढे त्याचा उपयोग नाही. हीटरच्या अंगावर हाताने रिसेट होणारा बायमेटल कटआउट बसवा, म्हणजे पंखा बंद पडला तर नळी लाल होण्याआधी वीज तुटेल. शेडला प्लॅस्टिकचे कागद, शेडनेट आणि वाळका पाला असतो. आग लागायला फार वेळ लागत नाही.

बसवून झालं की बॅच यायच्या आधी एक रात्र मोकळ्या शेडमध्ये चालवा. तासाभराने एमसीबी पाडून, टेस्ट लॅम्पने खात्री करून, प्रत्येक स्क्रू आणि लगला बोट लावा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर तो जोड परत करा. मग कटआउटची परीक्षा घ्या: कॅपिलरीचा बल्ब कपभर कोमट पाण्यात बुडवा, दुसरा काँटॅक्टर पडला पाहिजे. दर बॅचच्या आधी हे पुन्हा करा.

अंबडच्या त्या डब्याच्या झाकणाच्या आत मी एक कागद चिकटवला आहे. हीटर २६.५ ओहम, कॉइल ४०० ओहम, फरक एक अंश, फेरा सहा-सात मिनिटं. मागच्या महिन्यात दादांच्या मुलाने फोन केला. "काका, फेरा तीन मिनिटांवर आलाय." मी विचारलं, सेन्सर कुठे आहे? रॅक धुताना तो हलला होता, पुन्हा पंख्यासमोर आला होता. त्याने तो मधल्या थराला परत बांधला आणि अर्ध्या तासाने मेसेज केला: सात मिनिटं.